शिफ बेसवर पीएचडी घेऊ का ओएलईडीचा नाद करू? (केमिस्ट्रीवाल्यांनी जरा सांगा)

पिनकोड_४१६

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसतंच वाचतोय, लिहायला आज बसलो. एमएस्सी इनऑरगॅनिक केमिस्ट्री, कोल्हापुरातनंच, गेल्या वर्षी. सेट निघाली, नेट थोडक्यात गेली. पीएचडीची पेट (प्रवेश परीक्षा) पास झालोय आणि एक गाइड घ्यायला तयार आहेत. सर माणूस म्हणून सोन्यासारखे, पण टॉपिक तोच जो माझ्या आधीच्या चौघांना होता. शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमाइन जोडून होतो तो रेणू) करायचा, त्याचे कोबाल्ट निकेल कॉपर झिंक असे कॉम्प्लेक्स काढायचे, आयआर, यूव्ही, टीजीए, आणि शेवटी ई कोलायवर टाकून किती मिलिमीटरचा झोन आला ते पट्टीनं मोजायचं. झालं. गुऱ्हाळात ढेपा निघतात तसे थिसिस निघतात (सर, वाचत असाल तर माफ करा).

माझ्या डोक्यात भरलंय ते ओएलईडी, म्हणजे ऑरगॅनिक लाइट एमिटिंग डायोड, वीज दिली की उजेड देणारे ऑरगॅनिक थर. झालं असं की धाकट्या भावाच्या मोबाईलची स्क्रीन फुटली म्हणून राजारामपुरीत दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला अमोलेड आहे (म्हणजे ओएलईडीचाच पडदा), आणि खर्च सांगितला तो जवळजवळ निम्म्या मोबाईलचा. एवढं काय सोनं लावलंय त्यात म्हणून घरी येऊन वाचत बसलो ते पहाटे तीनपर्यंत. त्यात इरिडियमचे कॉम्प्लेक्स दिसले आणि उडालोच, कारण फील्डचं नाव ऑरगॅनिक आणि मधोमध बसलाय धातू.

तर विचारायचं असं की हे असं का, ऑरगॅनिक इलेक्ट्रॉनिक्समधे मेटल कॉम्प्लेक्सवाल्याला खरंच कुणी विचारतं का, आणि कोल्हापुरात बसून तिकडं जायची वाट आहे का का हे नुसतं पहाटे तीनचं स्वप्न. पप्पा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, अजून पाच वर्षं सर्व्हिस. लोट्याला एका कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल) अठरा हजारावर बोलवलंय आणि दहा तारखेपर्यंत कळवायचंय, म्हणजे उत्तरं जरा लवकर द्या.

तासिका_तत्त्व

लोट्याला जा.

अकरा वर्षं कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिकेच्या हिशेबानं, आहे. पीएचडी आहे, नेट आहे, नऊ पेपर आहेत, उन्हाळ्यात पगार नाही. परवा एका ठिकाणी मुलाखतीला गेलो तर समोरचे साहेब माझ्या थिसिसचं पहिलं पान उलटून दुसऱ्या पानावर गेलेच नाहीत, कारण जागा कुणाची ते आधीच ठरलेलं. कॉलेजच्या नोकरीसाठी पीएचडी करत असशील तर आणखी एक ऐक, २०२३ च्या जुलैपासून यूजीसीनं असिस्टंट प्रोफेसरला नेट-सेट हीच किमान अट ठेवलीय आणि पीएचडी ऐच्छिक केलीय. तुझी सेट झालीय, मग पाच वर्षं कशाला घालवतोस. जागा निघाल्या तर भर फॉर्म.

ट्रिपलेट_दादा

तासिकाराव, तुमचा राग बरोबर आहे पण पोराला नुसतं नको म्हणून सोडू नका.

भावा, मी पन्हाळ्याच्या पायथ्याचा. विद्यापीठातनं एमएस्सी, मग पीएचडी मेटल कॉम्प्लेक्सवरच, म्हणजे तू ज्या गुऱ्हाळाचं म्हणतोस त्यातलीच एक ढेप मी. २०१३ ला पीएचडी झाली, मग कोरियात पोस्टडॉक साडेचार वर्षं, आता भारतात एका कंपनीत ओएलईडीच्या मटेरियलवर काम करतो, नाव सांगत नाही. कोरियाचं कुणाला नवल वाटायला नको, तिथं एखाद्या मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कँटीनमधे 'आयला' म्हणून ओरडलं तर दोन-तीन माना वळतातच, कोल्हापूर-सांगली-सोलापूरची पोरं, निम्मी थिन फिल्मवाली.

आता तुझी शंका, धातू कशाला. १९८७ ला कोडॅकच्या लॅबमधे चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी जे पहिलं कामाचं ओएलईडी केलं त्यात उजेड देणारा थर कशाचा होता माहितीय का? अ‍ॅल्युमिनियम आणि ८-हायड्रॉक्सीक्विनोलीन, एका अ‍ॅल्युमिनियमला तीन लिगँड (धातूला धरून बसणारे रेणू), एएलक्यू-थ्री म्हणतात त्याला. सगळे ऑरगॅनिक थर मिळून जाडी १३५ नॅनोमीटर, दहा व्होल्टच्या आत चांगला लख्ख हिरवा उजेड. वरचा कॅथोड मॅग्नेशियम आणि चांदीचा, हुपरीवाल्यांनी कॉलर ताठ करावी. म्हणजे नाव ऑरगॅनिक असलं तरी हे पोर वाढलंय मेटल कॉम्प्लेक्सच्या मांडीवर.

पण त्यात अ‍ॅल्युमिनियम नुसता खुंटा आहे. लिगँडला बांधून ठेवतो, उजेड लिगँडचाच. इरिडियमचं प्रकरण वेगळं, तिथं धातू स्वतः कामाला लागतो. कसं ते सांगतो. एका बाजूनं इलेक्ट्रॉन येतो, दुसऱ्या बाजूनं होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा), दोघं भेटले की एक्सायटॉन (ऊर्जेनं भरलेली जोडी) होतो. असे चार झाले तर स्पिनच्या हिशेबानं एक सिंगलेट आणि तीन ट्रिपलेट. साध्या ऑरगॅनिक रेणूत सिंगलेटच उजेड देतो. म्हणजे कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवरनं चार गाड्या सुटायच्या, त्यातली एक पुण्याला लागली आणि तीन स्टँडातच इंजिन चालू ठेवून डिझेल जाळत उभ्या. तुझी वीज पंचाहत्तर टक्के नुसती गरम होण्यात गेली. जड धातू रेणूत आला की स्पिन-ऑर्बिट कपलिंग (इलेक्ट्रॉनचं स्पिन आणि फिरणं एकमेकांत गुंतणं) एवढं वाढतं की त्या तीन गाड्यांनाही वाट मिळते आणि शंभरातले जवळजवळ शंभर एक्सायटॉन उजेडाच्या कामाला लावता येतात. १९९८ ला स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या ग्रुपनं प्लॅटिनमचं पॉर्फिरिन वापरून हे दाखवलं, लाल उजेड होता तो, आणि पुढच्याच वर्षी इरिडियमला तीन फिनाइलपिरिडीन बांधून हिरवा केला. आज मोबाईलच्या पडद्यात लाल आणि हिरवा ठिपका या घराण्यातला असतो.

यातला थॉम्पसन कोण, तर इनऑरगॅनिक केमिस्ट. कॅलटेकला १९८५ ला पीएचडी, नंतर ऑक्सफर्डला माल्कम ग्रीनकडे, म्हणजे पक्का ऑर्गॅनोमेटॅलिकचा माणूस. फॉरेस्टला डिव्हाइस कळायचं, याला रेणू कळायचा, दोघं एका टेबलावर बसले म्हणून ते झालं. तेव्हा मेटल कॉम्प्लेक्सवाल्याला विचारतं का कुणी, हा प्रश्नच उलटा आहे.

आता माझं सांगतो, कारण गुलाबी चित्र काढायचं नाहीय. पीएचडीत मी सत्तावीस कॉम्प्लेक्स केले, सगळे बॅक्टेरियावर टाकले, बॅक्टेरिया अजून ठणठणीत आहेत. कोरियात गेल्यावर बॉसनं पहिल्या आठवड्यात विचारलं की यातले चमकतात किती, आणि मला माहितीच नव्हतं. पाच वर्षं ज्या बाटल्या हाताळल्या त्या एकदाही अंधारात नेऊन यूव्ही दिव्याखाली धरल्या नव्हत्या. त्या दिवशी रूमवर जाऊन जेवलो नाही.

मग इरिडियम शिकलो. क्लोराइड घ्यायचं, लिगँडबरोबर इथॉक्सीइथेनॉल आणि पाण्यात रिफ्लक्स, पिवळा डायमर (दोन इरिडियमचा जोड) खाली बसतो, तो पुढं अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनबरोबर फोडायचा. इथंवर केमिस्ट्री सोपी आहे, तुझ्यासारख्याला महिन्यात येईल. नंतर आहे खरा घाम. इथं 'एनएमआर स्वच्छ आहे' म्हणजे स्वच्छ नसतं. डायमरमधलं क्लोराइड चिमूटभर जरी मागं राहिलं तरी डिव्हाइसचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून व्हॅक्यूममधे सब्लिमेशन (तापवून वाफ करायची आणि परत घट्ट बसवायची), एकदा, दोनदा, तीनदा. माझा एक रेणू होता, रंग असला देखणा की सगळी लॅब बघायला आली, आणि सब्लिमेशनला लावला तर तीनशे डिग्रीच्या आसपास तापवायच्या भांड्यातच काळा कोळसा झाला. चार महिन्यांचं काम दुपारच्या चहाच्या आत गेलं. पहिल्या वर्षी चाळीस-बेचाळीस रेणू केले असतील, डिव्हाइसपर्यंत गेले दोन.

तुझ्यासाठी कामाची गोष्ट: टॉपिक सोडू नको, प्रश्न बदल. इरिडियमच्या एक ग्रॅमच्या बाटलीला कोल्हापुरातल्या छोट्या प्रोजेक्टचं कन्झ्युमेबल्सचं बजेट पुरत नाही, तिकडं बघूच नको. पण तुझ्या यादीत झिंक आहे ना? झिंकचे शिफ बेस कॉम्प्लेक्स १९९३ ला सॅन्योच्या लोकांनी निळ्या ओएलईडीत वापरलेत. कॉपर टू आणि निकेल चमक खातात, कारण त्यांच्या डी-शेलमधे खालच्या पायऱ्या मोकळ्या असतात आणि ऊर्जा तिथनं घरंगळून जाते. झिंकचं डी-टेन, शेल भरलेलं, चमक गिळायला जागाच नाही. कॉपर वन पण डी-टेनच. म्हणजे त्याच लिगँडवर, त्याच सरांकडं, त्याच लॅबमधे, थिसिसचं शेवटचं प्रकरण बॅक्टेरियाऐवजी फोटोफिजिक्सचं (रेणू उजेड कसा घेतो-देतो त्याचं) होऊ शकतं. फ्लुरोसन्स मशीन विद्यापीठात मिळेल, क्वांटम यील्डसाठी (घेतलेल्या उजेडातला किती परत देतो त्यासाठी) क्विनीन सल्फेट स्टँडर्ड धरायचं, ते काही महाग नाही.

आणि लोट्याचं. नेट परत दे, जेआरएफच्या (रिसर्च फेलोशिपच्या) हिशेबानं दे. जेआरएफ २०२३ पासून महिना ३७ हजार, दोन वर्षांनी एसआरएफ ४२ हजार, घरभाडं वेगळं. लोट्याच्या दुप्पट. जेआरएफ नसेल तर मात्र पाच वर्षं पप्पांच्या पगारावर काढायला मी सांगणार नाही. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या फेलोशिपमधलं जे तुला लागू आहे तेही बघून ठेव.

पिनकोड_४१६

दादा एवढं लिहिलंत, दोनदा वाचलं. एक सांगायचं राहिलं, मी मुलगी आहे. कोल्हापूरची आहे म्हणून करतो-जातो लिहितोय, तुम्ही पन्हाळ्याचे असून फसलात!

क्यूसीवाल्यांना अजून कळवलेलं नाही. आईचं म्हणणं नोकरी धर आणि अभ्यास कर, पण लोट्याला बारा तासाची शिफ्ट, कधी अभ्यास करणार. आणि यूव्ही दिवा आमच्या लॅबमधे आहे, टीएलसीचा, पण ट्यूब गेलीय दोन वर्षं झाली.

ट्रिपलेट_दादा

हाहा, घरात सख्खी बहीण 'मी येतो गं' म्हणत मोठी झाली आणि तरी फसलो. कोरियात राहून सवय मोडली बघ. भावा मागं घेतो, ताई म्हणतो.

निवृत्त_ब्युरेट

मी एका कॉलेजात एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, आता निवृत्त. ट्रिपलेट यांनी एएलक्यू-थ्रीचे नाव घेतले म्हणून लिहायचा मोह आवरत नाही.

मुली, तू हा पदार्थ स्वतःच्या हाताने केलेला असण्याची शक्यता बरीच आहे. ग्रॅव्हिमेट्रीत अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिनेट म्हणून जे करतो ते हेच. ऑक्सिन म्हणजेच ८-हायड्रॉक्सीक्विनोलीन. अ‍ॅसिटेट बफर घालायचे, पिवळा साका बसवायचा, सिंटर्ड क्रुसिबलमधून गाळायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा, वजन करायचे आणि ०.०५८७ ने गुणायचे. मी हा प्रयोग किती बॅचेसकडून करून घेतला त्याची मोजदाद नाही. प्रयोग संपला की क्रुसिबल धुवायला बेसिनवर रांग लागायची आणि तो पिवळा साका गटारात जायचा. त्या पदार्थावर अमेरिकेत दोन माणसांनी एक अख्खा उद्योग उभा केला हे मला २००० नंतर कधीतरी एका रिफ्रेशर कोर्समध्ये समजले. त्या रात्री घरी येऊन बायकोला सांगितले तर ती म्हणाली, मग आता पेपर तपासा.

दिव्याची अडचण नको. नोटा तपासायचा टॉर्च मिळतो तो घे, मात्र ३६५ नॅनोमीटर लिहिलेला बघून घे. स्वस्तातले ३९५ चे असतात, त्यांचाच जांभळा उजेड इतका पडतो की पदार्थ चमकतो आहे की टॉर्च हे कळत नाही. डोळ्यात मारू नये. आणि आणखी एक, झिंकचा कॉम्प्लेक्स बघताना शेजारी नुसता लिगँडही ठेव. काही शिफ बेस मूळचेच थोडे चमकतात. धातूमुळे काय फरक पडला ते शेजारी ठेवल्याशिवाय समजायचे नाही. हे सांगायला लागते, कारण आमच्या पिढीने कंट्रोल न ठेवता बरेच काही छापले आहे.

तासिका_तत्त्व यांना: तुमचे दुःख ठाऊक आहे. पण तुमच्या नऊ पेपरांत काय आहे ते तुम्ही लिहिले नाहीत.

तासिका_तत्त्व

सर, शिफ बेस आहेत. नऊच्या नऊ.

हवेली_हेटेरोसायकल

पुण्यातून लिहितोय, ऑरगॅनिकवाला आहे त्यामुळे माझ्या बाजूनं बोलणार. ट्रिपलेट यांनी धातूची आरती जरा जास्तच ओवाळली. २०१२ मधे क्युशू युनिव्हर्सिटीच्या चिहाया अडाची यांच्या ग्रुपनं कार्बाझोल आणि डायसायनोबेंझीनचे रेणू करून दाखवले की धातू अजिबात न घालता ट्रिपलेट परत सिंगलेटवर चढवता येतात. सिंगलेट आणि ट्रिपलेटमधलं अंतर इतकं कमी करायचं की खोलीच्या तापमानाची ऊब पुरते. टीएडीएफ म्हणतात. २०१६ ला हाताकेयामांनी बोरॉन आणि नायट्रोजन एकाच सांगाड्यात बसवून निळा रंग असा अरुंद काढला की बघत राहावं. यात कुठं आहे इरिडियम? आणि निळ्या फॉस्फोरेसंट ओएलईडीचं रडगाणं वीस वर्षं चालू आहे, निळ्या ट्रिपलेटची ऊर्जा एवढी जास्त की तो रेणूचेच बंध तोडायला बघतो, शिवाय बराच वेळ जागा राहतो, शेजारी दुसरा ट्रिपलेट भेटला की दोघांचं भांडण. म्हणून मोबाईलमधला निळा ठिपका अजूनही बहुतेक साधा फ्लुरोसंटच असतो.

आणि कंडक्टिंग पॉलिमर विसरू नका, २००० चं नोबेल हीगर, मॅकडायर्मिड, शिराकावा. नुसतं कार्बन आणि हायड्रोजन, त्यात आयोडीन.

तेव्हा ताई, झेपत असेल तर सरळ ऑरगॅनिक सिंथेसिस शिक. कपलिंग रिअ‍ॅक्शन्स आल्या की जगात कुठंही नोकरी आहे.

ट्रिपलेट_दादा

हेटेरोसायकल, टीएडीएफचं मान्य, माझ्या रोजच्या कामातलं निम्मं आता तेच आहे. पण दोन गोष्टी. शिराकावांची ती पॉलिअसिटिलीनची चंदेरी फिल्म ज्या चुकीतनं निघाली ती चूक म्हणजे कॅटॅलिस्ट हजारपट जास्त पडला, आणि कॅटॅलिस्ट काय होता? टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा झिग्लर-नाटा. धातू बाहेर काढा म्हटलं तर तो मागच्या दारानं आत येतोय. दुसरं, हेच अडाची २००० च्या सुमाराला प्रिन्स्टनला फॉरेस्टकडं होते आणि इरिडियमवर काम करत होते. इरिडियम पिऊन झाल्यावर माणूस म्हणाला की आता याच्याशिवाय करून बघू. आणि तुमच्या कपलिंगमधे पॅलेडियम लागतं ते सांगायचं राहिलं तुमचं!

कॉपर वनचे बरेच कॉम्प्लेक्स टीएडीएफच दाखवतात, म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा. पण कॉपर वन हवेत टू व्हायला बघतो, ताईला सुरुवातीला झिंकच बरं. कपलिंग शिकावं याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा, मी ते कोरियात जाऊन चौतिसाव्या वर्षी शिकलो, लाज वाटायची.

आयटीओ_काच

फिजिक्सवाला आहे, थिन फिल्म, विद्यापीठातलाच. तुम्ही सगळे केमिस्ट रेणूवर भांडताय म्हणून एक मधे टाकतो.

केमिस्ट्रीची माणसं डबीत पावडर घेऊन येतात आणि म्हणतात हे चमकतंय, आता ओएलईडी करून दे. पावडर चमकणं आणि फिल्म होणं यात रंकाळा आणि समुद्र एवढा फरक आहे. काच साबण, पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल असं करत धुवायची, ओझोनमधे ठेवायची, मग थर टाकायचा, आणि तुमचा रेणू सकाळपर्यंत स्फटिक होऊन बसतो, काचेवर नुसती रांगोळी. एएलक्यू-थ्री टिकलं ते नुसतं चमकतं म्हणून नाही, गुळगुळीत काचेसारखा थर होतो आणि १७० च्या वर जाईपर्यंत हलत नाही म्हणून. त्यामुळं ताई, रेणू डिझाइन करताना एखादा टर्शरी ब्युटाइल लावून ठेव, विरघळेलही नीट आणि एकमेकांवर रचणारही नाही.

दुसरं म्हणजे आपला पाऊस. जुलैत डिव्हाइस ग्लोव्हबॉक्सच्या बाहेर काढलं की चहा यायच्या आत काळे ठिपके. एन्कॅप्सुलेशन (हवा-पाणी आत जाऊ नये म्हणून सील) नसेल तर कोल्हापुरात ओएलईडी फक्त एप्रिल-मेमधे करावं असं आमच्यात चेष्टेनं म्हणतात. म्हणून सांगतो, पीएचडीत डिव्हाइस करायच्या भानगडीत पडू नको. रेणू कर, फोटोफिजिक्स कर, सायक्लिक व्होल्टामेट्री करून होमो-ल्युमो (रेणूतल्या इलेक्ट्रॉनची वरची भरलेली आणि खालची रिकामी पायरी) काढ, आणि डिव्हाइससाठी कुणाशी तरी कोलॅबोरेशन. आयआयटी कानपूरला फ्लेक्झिबल इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय सेंटर आहे, तिरुवनंतपुरमला एनआयआयएसटी आहे, पुण्यात एनसीएल आहे. मेल टाकायला पैसे पडत नाहीत. मी पहिल्या वर्षी बावीस मेल टाकले होते, उत्तर तीन आले, त्यातल्या एकानं माझं काम झालं.

आणि स्पिन कोटर (काच गरगर फिरवून थर टाकायचं मशीन) बघायचा असेल तर आमच्याकडं ये, मात्र स्वतःचे चप्पल बाहेर काढायचे.

पिनकोड_४१६

उशिरा लिहितोय कारण मधे बरंच झालं. लोट्याला नाही म्हणून कळवलं. आई दोन दिवस बोलत नव्हती, पप्पा म्हणाले डिसेंबरची नेट दे, तोवर घरचं मी बघतो, पण तोवरच. ते बरोबर आहे.

सरांना भेटलो. भीत भीतच काढला विषय, वाटलं टॉपिकला नावं ठेवली म्हणून चिडतील. तर सर म्हणाले, मला कुणी विचारलंच नाही आजवर, सगळे मागच्याचा थिसिस घेऊन येतात आणि यातला धातू बदलून देऊ का म्हणतात. मग त्यांनी स्वतः कपाट उघडलं. वरच्या फळीवर २००७ पासूनच्या बाटल्या, लेबलं पिवळी पडलेली, काहींवरची शाई उडालेली.

टॉर्च ३६५ चाच घेतला. खिडक्यांना काळे कागद लावले, मी, सर आणि एक ज्युनिअर. कॉपर, निकेल, कोबाल्ट एकदम मेलेले, दगड. सॅलिसिलाल्डिहाइड आणि इथिलीनडायअमाइनचा झिंक कॉम्प्लेक्स, दिवसा बघितला तर फिकट पिवळा, कुणी ढुंकून बघणार नाही असला, आणि टॉर्च लावल्यावर निळा, असा निळा की ज्युनिअर शिवीच हासडला आणि सर हसले. ब्युरेट सरांनी सांगितल्याप्रमाणे शेजारी नुसता लिगँड ठेवला होता, तो अगदीच मंद. म्हणजे झिंकचंच काम आहे ना हे? की काही वेगळं?

आणि एक अडचण. डायक्लोरोमिथेनमधे विरघळतच नाही, तळाला बसतो. डीएमएफमधे विरघळतो. मग स्पेक्ट्रम डीएमएफमधेच घेऊ का?

ट्रिपलेट_दादा

वा! झिंकचंच काम. नुसत्या लिगँडमधे फिनॉलचा प्रोटॉन नायट्रोजनकडं पळापळ करतो आणि सांगाडाही सैल असतो, त्यात ऊर्जा जाते. झिंक आला की प्रोटॉन गेला आणि सगळं ताठ बांधलं गेलं.

डीएमएफमधे घे पण लिहून ठेव, कारण डीएमएफ स्वतः झिंकला जाऊन चिकटतं. डायक्लोरोमिथेनमधे न विरघळण्याचं कारण पण तेच, एकाचा ऑक्सिजन दुसऱ्याच्या झिंकला धरून बसतो. काच भाऊंनी सांगितलेलं टर्शरी ब्युटाइल लावलेलं सॅलिसिलाल्डिहाइड विकत मिळतं, ते मागव आणि तोच कॉम्प्लेक्स परत कर, बराच सुटेल. आधी मात्र जुन्या बाटलीवर विश्वास ठेवू नको. २००७ ची आहे, ताजी बॅच काढ, टीजीएत पाणी किती निघतंय बघ, एलिमेंटल अ‍ॅनालिसिसला दे. आणि नेटचा फॉर्म भरलास का?

पिनकोड_४१६

भरला. फोटो रिजेक्ट झाला होता, कान दिसत नव्हते म्हणून. परत काढला.

तासिका_तत्त्व

माझ्याकडे झिंकचे अकरा आहेत. टॉर्च कुठल्या दुकानात मिळाला?

पिनकोड_४१६

सर, शाहूपुरीत, इलेक्ट्रिकलच्या गल्लीत. तीनशे सांगतात, दोनशे साठला दिला. ३९५ चा गळ्यात मारायला बघतात, बॉक्सवर वाचूनच घ्या.